गॅरेजमधली गाळणी

त्या उन्हाळ्यात अनोळखी लोकांना फोन करून, त्यांनी गेल्या चार दिवसांत काय काय खाल्लं ते विचारणं हे माझं काम होतं. मी खरी फिजिओथेरपिस्ट. सरकारी हॉस्पिटलात नवे गुडघे बसवलेल्यांना चालायला शिकवते. पण करोनाच्या साथीमुळे तातडीची नसलेली ऑपरेशनं मागे पडली, नवे गुडघे यायचे थांबले, आणि आम्हा रिकाम्या मंडळींना कॉन्टॅक्ट ट्रेसिंगवर धाडलं. कोणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याला फोन करायचा, तो कोणाकोणाला भेटला ते काढून घ्यायचं आणि त्या प्रत्येकाला त्याच दिवशी गाठायचं. सिडनीत तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पेशंट सापडत होते, त्यामुळे एकेकाचा पिच्छा पुरवणं शक्य होतं.

आमच्या खोलीत दोन दातांचे डॉक्टर होते, विमानं बंद झाल्यामुळे जमिनीवर आलेली एक एअर होस्टेस होती, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर एक टीम लीडर. साठीची नर्स. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनमध्ये, तिने वर्षानुवर्षं पावसाळ्यात जीप हाकत गोवराच्या मागे धावण्यात घालवली होती. तिने पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं, की माणसाला ‘कोणाला भेटलास’ असं कधी विचारू नका. तो घाबरतो आणि विसरतो. ‘काय खाल्लंस’ विचारा. जेवण आठवलं की टेबल आठवतं आणि टेबल आठवलं की माणसं आपोआप येऊन बसतात. मला हे ऐकून हसू आलं होतं. दोन आठवड्यांत मीच नव्या लोकांना ते शिकवायला लागले.

जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या, एका मंगळवारी सकाळी टीम लीडरने खोलीभर आवाज दिला, ‘‘मराठी कोणाला येतं? इंटरप्रिटर दुपारी दोनशिवाय मिळत नाहीये.’’ मी हात वर केला. क्वेकर्स हिल या उपनगरातल्या एक सत्तरीच्या आजी पॉझिटिव्ह आल्या होत्या. मुलाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या, सीमा बंद झाल्या आणि अडकल्या. घसा खवखवण्यापलीकडे त्रास नव्हता. बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र घरी पोचलं होतं आणि त्या आपल्या खोलीत, मुलगा-सून बाहेर, असा सगळा कडेकोट बंदोबस्त झाला होता.

मी फोन लावला. ‘‘आजी, नमस्कार. मी हेल्थकडून बोलतेय.’’

‘‘मराठी आहेस?’’ त्यांचा आवाज एकदम उजळला. ‘‘कुठली गं तू?’’

‘‘पुण्याची.’’

‘‘पुण्यात कुठे?’’

इथे मला जरा आवरतं घ्यावं लागलं, नाहीतर आमची चौकशी पेठेपासून आडनावापर्यंत गेली असती. ते वळण मला लहानपणापासून पाठ आहे आणि त्यापुढे कुठे चढ लागतो तेही. मी सरळ विचारलं, ‘‘आजी, शनिवार-रविवारी काय काय खाल्लंत?’’

शनिवारी त्या घरीच होत्या. मऊ भात, मेतकूट. रविवारी मुलगा-सून दोघंही कामावर. शेजारीण म्हणाली, घरी एकट्या काय बसता, चला माझ्याबरोबर, आणि त्यांना वेंटवर्थव्हिलला एका मैत्रिणीकडे घेऊन गेली.

‘‘तिथे काय होतं?’’

‘‘असंच. चहापाणी. ढोकळा होता. कोरडा झाला होता पण. आणि कोकम सरबत.’’

जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, चाळीस डिग्रीत मराठी बायका जमून ढोकळा खातात म्हणजे काय चाललंय हे मलाही कळत होतं. ‘‘हळदीकुंकू होतं का?’’

‘‘हो. पण मी आत गेले नाही बाई. घरात पाचच पाहुण्यांचा नियम आहे ना इकडे? शेजारीण धरून पाच जणी झाल्याच होत्या. म्हटलं, मी गॅरेजमध्ये बसते, नियम कशाला मोडा? शटर उघडं होतं, खुर्ची होती. कोणी आलं नाही माझ्याजवळ.’’

मी खूश. नियम पाळणाऱ्या आजी आमच्या कामात लॉटरीसारख्या लागायच्या. शेजारणीला फोन केला, एका गाडीतून गेल्यामुळे तिला घरात बसवलं. जिच्याकडे हळदीकुंकू होतं तिलाही फोन लावला. ती भयंकर व्यवस्थित निघाली. पाहुण्यांचे तिने तासातासाचे स्लॉट पाडले होते आणि कोणाच्या स्लॉटला कोण याची तिच्याकडे यादी होती.

‘‘घरी कोण कोण आलं होतं?’’ मी विचारलं.

‘‘घरात एका वेळी पाच. एकही जास्त नाही. त्या आजी बाहेरच बसल्या, मी दोनदा आत बोलावलं, पण त्या आल्याच नाहीत. मी त्यांना खुर्ची दिली, डिश पाठवली. चालेल ना? फाइन वगैरे नाही ना बसणार?’’

आमचं खातं फाइनचं नव्हे, हे तिला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मी फॉर्म भरला. बाहेर बसल्या, लांब बसल्या, जवळून संपर्क फक्त शेजारणीचा. साडेअकराला मी टीम लीडरसमोर कागद ठेवला आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन कॉफी प्यायला गेले.

दुपारी बाराला मी आजींना पुन्हा फोन केला तो नुसता ऑक्सिजनचा आकडा विचारायला. आकडा उत्तम होता. तक्रार चहाची होती. मुलाने खोलीत विजेची किटली ठेवली होती आणि आजी गरम पाण्यात चहाची पूड टाकून झाकून ठेवत होत्या.

‘‘याला काय चहा म्हणायचं? उकळायला नको? ही गाळणी तेवढी चांगली मिळाली. बारीक जाळीची आहे, पूड खाली येत नाही.’’

‘‘कोणी दिली?’’ मी सहज विचारलं. सुनेने खोलीत काय काय पोचवलं हेही आम्ही लिहायचो.

‘‘वाण आहे गं,’’ त्या बोलून गेल्या.

आता वाण म्हणजे काय हे मला अगदी पक्कं माहीत आहे. आमच्याकडे हळदीकुंकू नसायचं. आम्ही बौद्ध, आमचा सण एप्रिलमध्ये. पण आमच्या कॉलनीत संक्रांतीनंतर शेजारची मैत्रीण तिच्या आईबरोबर घरोघर जायची आणि आल्यावर मला सगळी वाणं मांडून दाखवायची. प्लॅस्टिकचे डबे, वाट्या, साबण, कंगवे. माझ्या आईला त्या आमंत्रणात धरत नसत. मी एकदा हट्ट केला होता की मलाही एक डबा पाहिजे, तेव्हा ती मैत्रीण मोठ्या माणसासारखी म्हणाली होती, की ज्यांना आत बोलावून हळदीकुंकू लावतात त्यांनाच वाण देतात. ते वाक्य माझ्या डोक्यात इतकी वर्षं कुठे पडून होतं कोण जाणे. त्या दुपारी ते बरोबर बाहेर आलं.

‘‘आजी,’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही तर बाहेर होतात. जवळ कोणी आलंच नाही. मग वाण कसं मिळालं?’’

फोनवर पंखा मोठा केल्याचा आवाज आला. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘‘हे तुझ्या फॉर्मात लिहावं लागेल? माझा मुलगा वाचेल?’’

‘‘नाही. मुलगाच काय, कोणीही विचारलं तरी मी सांगू शकत नाही. तसा कायदाच आहे इकडे.’’

‘‘नक्की?’’

‘‘माझी नोकरी जाईल, आजी.’’

ते त्यांना पटलं असावं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. गावाकडे तेव्हापासून त्यांना कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. पाचाचा नियम हे निमित्त होतं. आत गेलं की कोणीतरी चुकून कुयरी पुढे करणार, मग ‘नको गं’ म्हणावं लागणार, मग सगळ्या गप्प होणार. त्यापेक्षा गॅरेज बरं. त्या तिथे फ्रीझरशेजारी ढोकळा खात बसल्या होत्या तेवढ्यात एक मुलगी आली. पस्तिशीची असेल. डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क. तीही आत गेली नाही. तिचं कॅन्सरचं औषध चालू होतं, गर्दीत जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नुसता तिळगूळ द्यायला आली होती. यजमानीण बाहेर येऊन फ्रीझरवर हळदीकुंकवाचं तबक आणि वाण ठेवून पाचजणींकडे परत गेली. मुलीने आपल्या हाताने कुंकू लावून घेतलं. मग आजींकडे वळून म्हणाली, मावशी, तुम्हाला लावलं का कोणी?

‘‘मी म्हटलं, मला नाही लावत गं, मला नवरा नाही. तर म्हणाली, मला केस नाहीत. मी आले की नाही?’’

आणि तिने आजींच्या कपाळाला कुंकू लावलं. आपली गाळणीही त्यांच्या हातात कोंबली, कारण औषध सुरू झाल्यापासून तिला चहाचा वासही सहन होत नव्हता. आजींनी मुलगा घरी यायच्या आत कपाळ पुसलं. गाळणी मात्र ठेवली.

‘‘किती वेळ होती ती तुमच्याजवळ?’’

‘‘दोन मिनिटं.’’

‘‘आजी, किती ढोकळा खाल्लात तिच्याबरोबर?’’

‘‘ती कुठे खातेय. मी एक डिश. मग सरबत आलं. मग तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग परत सरबत.’’

गुडघ्याची चौकशी दोन मिनिटांत आटोपत नाही हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. मी अर्धा तास लिहिला.

‘‘तिचं बुधवारी इंजेक्शन आहे म्हणाली,’’ आजी म्हणाल्या. ‘‘सकाळी आठला. बुधवार म्हणजे उद्याच ना गं?’’

उद्याच होता. आमच्या हॉस्पिटलातला केमोचा डे वॉर्ड मी पाहिलेला आहे. एका मोठ्या खोलीत दहा-बारा आरामखुर्च्या, प्रत्येकीत कोणीतरी सलाइन लावून बसलेलं, आणि त्यांतल्या एकाच्याही अंगात साध्या सर्दीशी लढायची ताकद नसते. त्या मुलीला लागण झाली असेल तर तिचं काय होईल हा एक प्रश्न. ती तशीच जाऊन त्या खोलीत बसली तर काय, हा दुसरा.

‘‘मी कुंकू लावून घेतलं म्हणून झालं हे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘नको ते करायला गेले. तिला काही झालं तर?’’

माझा तोल गेला. पेशंटवर चिडायचं नसतं हे प्रशिक्षणात पहिल्या पानावर होतं. ‘‘आजी, व्हायरसला कुंकू कळत नाही. तुम्ही सुवासिनी असतात तरी तो आलाच असता. तुम्ही मला हे सांगितलंत, हे तिच्यासाठी सगळ्यांत चांगलं झालं. आता फोन ठेवा, मला तिला शोधू दे.’’

यजमानीण पहिल्या रिंगला सापडली. ‘‘पण ती घरात आलीच नाही ना,’’ ती रडवेली होऊन म्हणाली. ‘‘तुम्ही विचारलंत, घरी कोण आलं. मी पाचच मोजले.’’ तिचंही खरं होतं. प्रश्न मीच चुकीचा विचारला होता. त्या मुलीचा नंबर मिळाला, मी फोन लावला, आणि तिथून पुढे दीड तास तिने माझ्या नाकी नऊ आणले. आमचे फोन ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणून जायचे आणि या देशात शहाणी माणसं प्रायव्हेट नंबर उचलत नाहीत. मी मेसेज ठेवले. एअर होस्टेसने तिच्या गोड आवाजात मेसेज ठेवला. शेवटी यजमानणीने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अगं बाई उचल’ असं सहा वेळा लिहिल्यावर तिने उचलला.

मी मराठीत सुरुवात केली तशी ती जास्तच सावध झाली. ‘‘वा, आता स्कॅम कॉल मराठीत पण यायला लागले? आय अ‍ॅम नॉट गिव्हिंग यू माय डेट ऑफ बर्थ, मेट.’’

‘‘जन्मतारीख नको मला. रविवारी तुम्ही एका गॅरेजमध्ये एका आजींना गाळणी दिलीत.’’

तिचं इंग्रजी एकदम बंद झालं. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, ‘‘मावशी बऱ्या आहेत ना?’’

मला ते सांगता येत नव्हतं. पण मी फोन का केला हे तिला कळलं होतं. तिने एकही फालतू प्रश्न विचारला नाही. इतके महिने हॉस्पिटलं पाहिलेली माणसं आमच्यापेक्षा जास्त सराईत असतात. मास्क होता का? होता, पूर्ण वेळ. शटर उघडं होतं? होतं. कुंकू लावताना किती जवळ? ‘‘हात लांब करून लावलं, मला खाली वाकवत नाही सध्या.’’ फॉर्ममध्ये ‘संपर्काचं स्वरूप’ असा एक रकाना होता. त्यात मी इंग्रजीत लिहिलं, ‘कपाळाला बोट लावले, दोन सेकंद’. टीम लीडरने ते वाचलं, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि काही न विचारता सही केली.

पुढचं काम मात्र तिने केलं आणि ते पाहत राहावं असं होतं. तिने वॉर्डला फोन लावला. मला वाटलं होतं आता उपचार दोन आठवडे लांबणार, मग पुन्हा फोन, पुन्हा विनवण्या. पलीकडच्या नर्सने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘नो वरीज, आमच्याकडे साइड रूम आहे. तिला मागच्या दाराने आणू.’’ त्याच दुपारी गाडीतच बसून त्या मुलीची टेस्ट झाली, रिपोर्टवर ‘अर्जंट’ चढलं, आणि बुधवारी सकाळी, बाकीच्या दहा-बारा जणांपासून लांब, खिडकीच्या खोलीत तिचं औषध वेळेवर सुरू झालं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी ओळख काढली नाही. मी या देशात दहा वर्षं काम करतेय आणि कागद भरण्यावरून रोज कुरकुरते. त्या दिवशी मी कुरकुरले नाही.

पहिली टेस्ट निगेटिव्ह आली. माझा जीव अर्धा भांड्यात पडला. लागण उशिरानेही उघडकीस येते, म्हणून उरलेला अर्धा बाराव्या दिवसाच्या टेस्टवर अडकला होता.

आणि रोज सकाळी मला आजींना फोन करायचा होता. ऑक्सिजन, ताप, खोकला. त्या आकडे पाठ केल्यासारखे म्हणायच्या आणि मग, ‘‘ती कशी आहे?’’

‘‘मला सांगता येत नाही, आजी.’’

‘‘माझ्यामुळे झालं असेल तर मला कळायला नको?’’

‘‘तुमचं मी कोणाला सांगत नाही ना? तसंच तिचंही.’’

पहिल्या दिवशी त्या माझ्यावर रागावल्या. दुसऱ्या दिवशी तर कळवळून म्हणाल्या, की त्यांना जेवण जात नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवीन युक्ती काढली. ‘‘तू नको सांगूस. तू नुसती बोल. मला आवाजावरून कळतं.’’ त्यानंतरचे दिवस मी त्यांच्याशी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारख्या आवाजात बोलले. तिकडे ती मुलगीही मला रोज तेच विचारायची, ‘‘मावशी बऱ्या आहेत ना? हो किंवा नाही एवढंच सांगा.’’ दोघींच्या मध्ये मी, दोघींचं सगळं माहीत असलेली, आणि तोंडाला कुलूप. टीम लीडर म्हणाली, याला पब्लिक हेल्थ म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे याला सासर म्हणतात. मग मला सासर म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. निगेटिव्ह. मी खुर्चीवरून उठून खोलीला एक फेरी मारली, खोलीत सगळ्यांसाठी ठेवलेल्या बरणीतल्या दोन लिमलेटच्या गोळ्या खाल्ल्या आणि मग तिला फोन केला. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, ‘‘आता तरी मावशींचा नंबर द्या.’’

‘‘मला देता येत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘पण त्यांना घेऊन आलेल्या बाईंचा नंबर तुमच्या मैत्रिणीकडे असेलच, असं आपलं मला वाटतं.’’

‘‘ओके,’’ ती म्हणाली. ‘‘मला पण असंच वाटतंय.’’

दोन दिवसांनी आजींना शेवटचा फोन. माझ्यासमोर कागद होता, की लक्षणं संपली, मुदत संपली, आता त्यांना मोकळं करायचं. मी घोषणेच्या आवाजात सुरुवात केली.

‘‘पुरे गं ते,’’ आजी म्हणाल्या. ‘‘तिचा फोन आला होता काल. ठणठणीत आहे.’’

मी फोन कानाशी धरून आधी कागदावर तारीख घातली. लगेच बोलले असते तर आवाजावरून कळलं असतं.

‘‘मुलालाही सांगितलं मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कुंकवाचं. एवढी घाबरत होते, आणि तो म्हणतो, आई, मग पुसलंस कशाला? बघ आता.’’

‘‘आणि ती काय म्हणाली?’’

‘‘ती म्हणाली, मावशी, पुढच्या वर्षी माझे केस आलेले असतील, तेव्हा आपण दोघी आत जाऊ हळदीकुंकवाला. मी म्हटलं, मी आणि आत? मला नाही जमायचं. तर म्हणाली, मग मीही बाहेरच बसेन तुमच्याबरोबर, गॅरेजमध्ये.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय,’’ आजी म्हणाल्या. ‘‘म्हटलं, नको बाई. त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत माझी कंबर धरते. आत सोफ्यावरच बसू.’’